पॅनेलवर हिरवा दिवा होता, छतात वायर नव्हती

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वीस खाटांचं प्रसूतिगृह आहे. मिस्टर डॉक्टर आहेत; पगार, बिलं, नोंदणी, परवाने हा बाकीचा सगळा कारभार माझ्याकडे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात फसले ती मीच. कोटेशन मी निवडलं, चेकवर सही माझी होती.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दिवशी आमच्याकडे चार बाळं होती. बातमी ऐकल्यावर मी वरच्या मजल्यावर गेले आणि एकेका पाळण्याजवळ नुसती उभी राहिले. मग राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. आमच्याकडे भिंतीवर आग विझवायचे सिलिंडर होते, पण धूर झाला तर रात्री झोपलेल्या माणसांना उठवेल असं काही नव्हतं. तशी फायर अलार्मची यंत्रणा बसवायचीच, हे आम्ही त्याच आठवड्यात ठरवलं.

तीन कोटेशनं आली. त्यांपैकी दोन कोटेशनं तीन लाखांच्या वर होती, तिसरं एक लाख ब्याण्णव हजारांचं. तिसरा माणूस ओळखीच्या डॉक्टरांकडून आलेला, बोलायला नम्र, आणि ‘ताई, हॉस्पिटलचं काम आहे, यात मी कमवत नाही’ असं म्हणणारा. कागदावर सगळं व्यवस्थित होतं: चार झोनचं (म्हणजे इमारतीचे चार भाग वेगवेगळे दाखवणारं) पॅनेल, धूर ओळखणारे ३१ स्मोक डिटेक्टर, चार हूटर (भोंगे), काच फोडून दाबायचे चार मॅन्युअल कॉल पॉइंट, १.५ स्क्वेअर एमएमची दोन कोअरची, सहज न पेटणारी (एफआरएलएस) आणि धातूचं कवच असलेली (आर्मर्ड) केबल २४० मीटर. एवढ्या तपशिलाने लिहून देणारा माणूस खोटं करेल असं मनातही आलं नाही.

‘पेशंटना त्रास नको, आम्ही रात्रीच काम उरकतो’ असं तो म्हणाला आणि मला ते फार समंजसपणाचं वाटलं. दोन रात्रींत काम झालं. सकाळी प्रत्येक खोलीच्या छताला पांढऱ्या वाटीसारखा डिटेक्टर बसलेला. फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे ते कोण बघतं? आमच्यातलं कुणीही त्या दोन रात्री शिडीजवळ उभं राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने चाचणी दाखवली. रिसेप्शनच्या पॅसेजमधल्या डिटेक्टरखाली त्याने धुराचा स्प्रे धरला. काही सेकंदांत डिटेक्टरचा लाल दिवा लागला, पॅनेलवर झोन एक लाल झाला, हूटर असा काही वाजला की ओपीडीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग पॅनेलवरचं टेस्टचं बटण दाबून त्याने चारही झोनचे दिवे लावून दाखवले. मी समाधानाने उरलेली रक्कम दिली. कोणता डिटेक्टर तपासायचा हे त्याने ठरवलं होतं, मी नाही. ही एक गोष्ट त्या वेळी कुणी माझ्या कानात सांगितली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एक शंका मला आली होती, तीही सांगते. पॅसेजमधल्या डिटेक्टरचा बारीक दिवा मधूनमधून लुकलुकायचा, वॉर्डातल्यांचा कधीच नाही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, वॉर्डात मुद्दाम न लुकलुकणारं मॉडेल लावलंय. रात्री बाळंतिणींच्या डोळ्यांना त्रास होतो.’ असे डिटेक्टर बाजारात खरोखर असतात. म्हणून उत्तर पटलं. चांगल्या फसवणुकीत निम्मं खरंच असतं.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीने यंत्रणा बसवल्याचा ‘फॉर्म ए’ द्यावा लागतो, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत. आमचा फॉर्म ए आला. मग वार्षिक देखभालीचे बारा हजार घेऊन दर सहा महिन्यांनी फॉर्म बी व्हॉट्सॲपवर येऊ लागला. मी तो छापून फाइलला लावायची. तीन वर्षांत शिडी घेऊन तपासणीला कुणी आलं नाही, हे मला फॉर्म बी हातात असल्यामुळे खटकलंच नाही. कागद वेळेवर येतोय म्हणजे काम होतंय, असं मी धरून चालले.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, लेबर रूमच्या मागच्या स्टोअरमधल्या जुन्या फ्रीजचा स्टॅबिलायझर जळाला. आत कापडाचे गठ्ठे, कापूस, डायपरचे खोके. वर एकूण सहा बाळंतिणी आणि त्यांची बाळं. रात्रपाळीच्या मावशींना जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून त्या उठल्या, दार उघडलं तर खोली धुराने भरलेली. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग सिस्टरला हाक मारली. दोघींनी मिळून सिलिंडर वापरला. एक गठ्ठा जळाला, भिंत काळी झाली, त्याउपर काही झालं नाही.

त्या स्टोअरमध्ये, स्टॅबिलायझरच्या बरोबर डोक्यावर, डिटेक्टर होता. धुराने त्याची पांढरी वाटी तपकिरी झाली होती. हूटर वाजला नव्हता. मी पहाटे पोचले तेव्हा खाली पॅनेल पाहिलं. हिरवा दिवा. ‘नॉर्मल’.

यंत्रणा बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘ताई, वायर उंदरांनी खाल्ली असणार, दोन दिवसांत माणूस पाठवतो.’ मी थांबले नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये फायर अलार्मची वायरिंग करण्यात ज्यांची पंचवीस वर्षं गेली, असे एक काका आमच्या नात्यात आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी पॅनेलचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला जवळ बोलावून दाखवलं.

झोन दोन, तीन आणि चार लिहिलेल्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या जागी, बाहेरून आलेली एकही वायर नव्हती. प्रत्येक जोडीत फक्त एक इवलासा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग, अडकवलेला. तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे.

काकांनी समजावलं ते असं. अशा साध्या पॅनेलमधून प्रत्येक झोनसाठी दोन तारा निघतात. त्या एका डिटेक्टरच्या बेसमधून (छताला बसवलेल्या बैठकीतून) दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा जातात आणि शेवटच्या बेसमध्ये हा रेझिस्टर लावतात. पॅनेल २४ व्होल्ट देतं, आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तारांमधून सतत साधारण ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तेवढा प्रवाह दिसला की पॅनेल म्हणतं सगळं ठीक. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि पॅनेल ‘फॉल्ट’ म्हणून ओरडतं. धूर आला की डिटेक्टर बराच जास्त प्रवाह ओढतो, तेव्हा आगीचा अलार्म. म्हणजे पॅनेलला छत दिसत नाही, डिटेक्टर दिसत नाही. त्याला फक्त टोकाचा तो रेझिस्टर दिसतो. बहुतेक पॅनेलं कारखान्यातून येतात तेव्हा प्रत्येक झोनच्या टर्मिनलवर तो रेझिस्टर लावलेलाच असतो. बसवणाऱ्याने तो काढून शेवटच्या डिटेक्टरपाशी न्यायचा असतो. आमच्या माणसाने तो जागचा हलवलाच नव्हता. तीन वर्षं आमचं पॅनेल स्वतःच्याच पोटातला रेझिस्टर बघून हिरवं राहिलं होतं.

मग आम्ही शिडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. डिटेक्टरचं डोकं डावीकडे फिरवलं की बेसमधून सुटतं. स्टोअरमधला काढला. बेस दोन स्क्रूंनी छताला ठोकलेला आणि आत एकही तार नाही. वायर आवळायचे पितळी स्क्रू कोरे, चकचकीत. त्यांवर पेचकसाचा एक ओरखडाही नव्हता. उंदरांनी वायर खाल्ली असती तर निदान तिचं टोक त्या स्क्रूखाली राहिलं असतं.

३१ पैकी २६ असे निघाले. जोडलेले पाचच, तेही खालच्या पॅसेजमधले आणि रिसेप्शनमधले. वरच्या मजल्यावरचा हूटर नुसता भिंतीला चिकटवलेला. जिन्याजवळचा काच फोडून दाबायचा लाल डबा मागून रिकामा. नवजात बाळांच्या खोलीतल्या डिटेक्टरवर तर कारखान्यातून येणारं प्लास्टिकचं धूळझाकण तसंच होतं. ते मी तीन वर्षं त्याचाच भाग समजत होते. तार जोडलेली असती तरी त्या झाकणातून धूर आत गेला नसता. बिलात २४० मीटर केबल होती. काकांनी मोजली ती अठ्ठावीस मीटर, आणि तीही आर्मर्ड नव्हे, बेलसाठी वापरतात तसली बारीक वायर. पॅनेलमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, त्यांची कनेक्टिंग वायर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. म्हणजे लाइट गेली की तो हिरवा दिवाही विझणार. आमच्याकडे जनरेटर लगेच चालू होतो, म्हणून तेही कधी उघडं पडलं नाही.

नवजात कक्षातलं ते झाकण हातात घेतल्यावर मला खाली बसावं लागलं. रागापेक्षा भीती जास्त वाटली. तीन वर्षांत त्या खोलीत किती बाळं झोपून गेली त्याची नोंद माझ्याच रजिस्टरमध्ये आहे.

म्हणून ज्यांच्या दवाखान्यात, सोसायटीत, वसतिगृहात, अभ्यासिकेत अशी यंत्रणा आहे त्यांना कळकळीने सांगते: आजच एक डिटेक्टर फिरवून काढा. कुठला काढायचा ते तुम्ही ठरवा, पॅनेलपासून सगळ्यात लांबचा घ्या. थोड्याच वेळात पॅनेलवर पिवळा दिवा लागून बझर वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर तुमचा हिरवा दिवा खोटा आहे. यासाठी इंजिनिअर लागत नाही, स्टूल लागतं. असं झोननिहाय करा. मग पॅनेलचा वीजपुरवठा बंद करून ते बॅटरीवर चालतं का पाहा. धुराच्या स्प्रेची चाचणी मात्र एकूण एक डिटेक्टरवर मागा, आणि ती होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आम्ही शेवटचा हप्ता एका डिटेक्टरवर दिला.

काम चालू असताना फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी वर जाऊन बघा, फोटो काढा. केबलच्या वेष्टनावर मीटरचे आकडे छापलेले असतात. कामाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून ठेवला तर किती केबल खरोखर गेली ते कळतं. ही युक्ती काकांची. रात्री काम करायचं म्हणत असतील तर तुमचा एक माणूस रात्रभर तिथे बसवा.

परवान्याचंही बघा. आमच्या फॉर्म एवर ज्या एजन्सीचा परवाना क्रमांक होता, तिला मी शेवटी फोन केला. परवाना त्यांचाच, पण आमच्या रुग्णालयाचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. लेटरहेडही त्यांचं नव्हतं. हा फोन मी २०२१ मध्ये करायला हवा होता. परवानाधारक एजन्सींची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. कोटेशनवर लिहिलेल्या मोबाइलवर नव्हे, त्या यादीतल्या पत्त्यावर संपर्क करा. आणि हे लक्षात ठेवा की कायद्याने यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. ‘मला फसवलं’ हे माझं म्हणणं खरं असलं तरी त्या रात्री काही झालं असतं तर पहिलं उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. द्यायलाच हवं होतं.

आता सगळं नव्याने बसवलंय. तीन लाख साठ हजार गेले, काका दोन्ही दिवस शिडीखाली उभे होते, आणि काम आम्ही दिवसा करून घेतलं. वॉर्ड एकेक करून रिकामा करत. महिन्याच्या पहिल्या तारखेला रात्रपाळीच्या सिस्टर नवा नंबर निवडून एक डिटेक्टर काढतात आणि पॅनेल किती सेकंदांत वाजलं ते वहीत लिहितात. मावशींचाही त्या वहीवर सहीचा रकाना आहे. त्यांनी तो हक्काने मागितला.

पोलिसांत अर्ज दिला आहे, वकिलांची नोटीस गेली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. यात आमची आणखी एक चूक झाली. संतापाच्या भरात आम्ही पहिल्या दोन खोल्यांतले बेस फोटो न काढताच उपटले, आणि समोरचा आता म्हणतो की तारा आम्हीच काढल्या. तिसऱ्या खोलीपासून भान आलं. तुमच्याकडे असा संशय आला तर आधी पॅनेल उघडून त्या रेझिस्टरचा जवळून फोटो काढा, प्रत्येक बेसचा जागेवरच व्हिडिओ घ्या, बाहेरच्या दोन माणसांना साक्षीला उभं करा, आणि मगच पेचकसाला हात लावा.