६५ इंची टीव्ही ऑनलाइन घेताना : खरा धोका पॅनेलचा

६५ इंची टीव्हीचा पडदाच सुमारे १४४ सेंमी रुंद असतो. खोका त्याहून मोठा. जिना आणि लिफ्ट आधी मोजा. वाहतुकीत खोका उभा न ठेवता झोपवला की पातळ पॅनेलच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्याच्या, मधल्या भागावर ताण येतो आणि बाहेरून खोका धड दिसला तरी आत तडा जातो. असा तडा सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि नवं पॅनेल जवळपास टीव्हीच्याच किमतीला पडतं. म्हणून ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ (खोका तुमच्यासमोर उघडून दाखवणं) असेल तरच मागवावा. टीव्ही चालू करून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका, फार तर डिलिव्हरीवाल्याला दहा मिनिटं थांबवा! खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात सीरियल नंबर दिसू द्या. टीव्हीवर पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र लावून रेघा, ठिपके तपासा. भिंतीवर मात्र कंपनीच्याच माणसाकडून बसवा.