अँड्रॉइड एनडीके: जड कामासाठी झकास

कागदाचा फोटो घेऊन तो स्वच्छ काळा-पांढरा करणारं अ‍ॅप मी बनवते. सगळं कोटलिनमध्ये, फक्त पिक्सेलवर प्रक्रिया करणारा भाग एनडीके (अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये सी आणि सी प्लस प्लस वापरू देणारा साधनसंच) वापरून सी प्लस प्लसमध्ये. तिथे एनडीकेला तोड नाही: मेमरी आपल्या हातात, नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरची लुडबुड नाही. पण दर पिक्सेलला जेएनआय कॉल (कोटलिनमधून सी प्लस प्लसला हाक) केलात तर कमावलेला वेग तिथेच जातो. सगळ्या पिक्सेलचा अख्खा बफर एकदाच पाठवा. क्रॅश झाला की कोटलिन ओळ क्रमांकासकट सांगतं, इथे नुसते मेमरीचे हेक्स पत्ते. त्या पत्त्यांवरून कोडची ओळ शोधणारं एनडीके-स्टॅक चालवल्याशिवाय काही कळत नाही. यादी आणि फॉर्मच्या साध्या अ‍ॅपसाठी याच्या वाटेला जाऊच नका, कोटलिन चालवणारं अँड्रॉइडचं इंजिन, एआरटी, ते व्यवस्थित पळवतं. एनडीके घ्यायचंच तर आर२८ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. १६ केबीची मेमरी पेज वापरणाऱ्या फोनशी जुळणी आपोआप होते.