चौथ्या दिवशी खाज थांबली, तिथेच मी फसलो

जानेवारी २०२१ मध्ये मिरजेत माझी बायपास झाली. हृदय छान चाललंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते छातीवरच्या व्रणाबद्दल. टाके सुकले, आता सुटलो असं वाटत असतानाच चार-पाच महिन्यांनी ती रेघ जाड व्हायला लागली. आधी सुतळीसारखी, मग वरच्या टोकाला चिंचोक्याएवढी गाठ, लालसर जांभळी, चकचकीत. आणि खाज! रात्री दोनला उठून पंख्याखाली उघडा बसायचो. बनियनची शिवण घासली तरी टोचायचं. थंडीत कातडी आवळून धरल्यासारखी व्हायची.

दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचो. इकोसाठी शर्ट काढायचो, छातीवर जेल लावून यंत्र फिरायचं, पण त्या गाठीकडे कुणाचं लक्ष नसायचं. मीच विषय काढला की उत्तर एकच, "ऑपरेशन झालंय, खूण राहणारच."

अशा माणसाला गाठणं सोपं असतं.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. जुने व्रण, टाक्यांच्या गाठी, भाजल्याचे डाग, सगळं खात्रीने बरं. पांढरा कोट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी दहा मिनिटं माझा व्रण बोटाने चाचपून बघितला, कुठे दुखतं, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं. अडीच वर्षांत असं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. निदान असं, की ऑपरेशनच्या वेळची भूल अंगात साठून राहिलीये आणि बाहेर पडायला वाट शोधतेय. आज हसू येतं. तेव्हा मान डोलावली.

औषध म्हणजे प्लास्टिकची पांढरी डबी, वर नुसता नंबर. अठराशे रुपये. महिन्याला दोन डब्या. पैसे मोबाइलवरून कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. पावती मागितली तर 'नोंदणी शुल्क ५००' एवढीच मिळाली, औषधाचा उल्लेखच नाही. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, अर्ध्या तिकिटाचा हिशोब चुकू दिला नाही, आणि इथे बिलाशिवाय हजारोंनी मोजत होतो.

आता खरी गंमत ऐका. चौथ्या दिवशी खाज थांबली! दुसऱ्या आठवड्यात लाली उतरली. मी खूश होऊन छातीचा फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शेजारच्या काकूंच्या सुनेला गजकर्ण झालं होतं, तिला मीच अर्धी डबी दिली. तिचीही खाज थांबली आणि मग ते पोटभर पसरलं. काकू मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं तिसऱ्या महिन्यात बिनसलं. गाठ होती तेवढीच, पण आजूबाजूची चांगली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आत बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, मधे पांढरे पट्टे. दोन दिवस डबी बंद केली तर अशी आग झाली की पुन्हा लावली. फोन केला तर म्हणाले, "उष्णता बाहेर पडतेय, आता सोडू नका," आणि वर बावीसशेच्या पुड्या दिल्या. पाच महिन्यांत सगळे मिळून २०,७०० रुपये गेले.

शेवटी मुलीने ओढून त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. बाईंनी शर्टाची दोन बटणं उघडताच विचारलं, "किती महिने लावताय स्टेरॉइड?" त्यांच्या मते ही सगळी लक्षणं जहाल स्टेरॉइडची. त्याने खाज आणि लाली झटकन दबते, म्हणून 'गुण आला' वाटतं. जाड गाठीत ते वरून नीट उतरत नाही, शेजारची नाजूक कातडी मात्र खातं. आणि गजकर्ण म्हणजे बुरशी, तिला तर ते मोकळं रानच.

माझ्या गाठीला केलॉइड म्हणतात. साधा जाड व्रण टाक्यांच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडतं. छातीचं मधलं हाड, खांदे, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. नुसतं कापून काढलं तर बऱ्याचदा पुन्हा येतं, कधी आधीपेक्षा मोठं. इलाज म्हणून गाठीच्या आत इंजेक्शन द्यायचं ठरलं. कसलं? स्टेरॉइडचं! मी खुर्चीतून उठलोच. बाई म्हणाल्या, "माप ठरलेलं, जागा ठरलेली, मधे चार आठवड्यांची सुट्टी, आणि काय देतेय ते मी लिहून देतेय. फरक एवढाच." आधी कातडी सावरायला तीन महिने थांबलो, मग इंजेक्शनं सुरू झाली. सोबत सिलिकॉनची पट्टी, रोज बारा तास तरी. गाठ आता पुष्कळ बसलीये. पातळ कातडी पूर्ववत झालेली नाही.

त्या ग्रुपवरच्या 'आधी-नंतर'च्या फोटोंचंही बाईंनी सांगितलं. कोणताही व्रण पहिले काही महिने लाल असतो आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचा आपोआप फिकट होतो. फोटो खरेही असतील. त्यात डबीचं श्रेय काय?

तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं मी काय गमावलंय. १९४० च्या औषध कायद्यात तरतूद आहे, विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. पण अन्न व औषध प्रशासनात पहिला प्रश्न आला, लेबल? बॅच नंबर? उत्पादकाचं नाव? बिल? माझ्याकडे एक नंबर लिहिलेली डबी आणि पाचशेची पावती. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथेही विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो. तो मंगल कार्यालयवाल्याकडेही नव्हता, त्याने भाडं रोख घेतलेलं.

गेल्या महिन्यात भाच्याने एका नव्या शिबिराची जाहिरात पाठवली, "मामा, हे बघा, तुम्हाला उपयोग होईल." दुसरं गाव, दुसरं नाव. खाली फोटो, '१५ दिवसांत फरक.' डाव्या बाजूचा तीळ ओळखीचा वाटला. माझीच छाती. लिंकवरून ग्रुपमध्ये शिरलो आणि आजचा फोटो टाकला, पातळ कातडीचा, शिरांचा. दोन मिनिटांत मला काढून टाकलं.

तो जुना फोटो अजून फिरतोय. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि डावीकडे तीळ. दिसला तर ओळखा.