सिनेमे भारी, खालची ओळ गायब : कोल्हापुरातला स्त्री-हक्क चित्रपट महोत्सव

तीन दिवस, रोज चार खेळ, पास 300 रुपये, विद्यार्थ्यांना निम्मा. सभागृह गावाच्या मध्यात, स्टँडवरून रिक्षानं दहा मिनिटांत पोचता येईल असं. निवडीला दहापैकी नऊ, दाखवण्याला पाच, वेळापत्रकाला तीन गुण. हे तीन आकडे इतके लांब-लांब का, ते पुढे येईलच.

निवड करणाऱ्याला सिनेमा कळतो. स्त्री-हक्क म्हटलं की रडकथांची रांग लावायचा मोह होतो, तो इथे टाळलाय. सुरुवात 1937 च्या 'कुंकू'नं. प्रभात कंपनी 1929 ला इथेच निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली. 'कुंकू' पुण्यातला असला तरी गावाला तो अर्धा आपलाच वाटतो. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न नीरा मानत नाही, आणि शांता आपटे यांचं ते न मानणं आजही धारदार आहे. या सिनेमात पार्श्वसंगीताचं काम घरातले साधे आवाजच करतात, त्यातही घड्याळ. नेमकी तीच टिकटिक इथे पंख्यांच्या घरघरीत बुडाली. सभागृहाचे स्पीकर भाषणांसाठी लावलेले असतात, माईकवरचा आवाज खणखणीत यावा म्हणून. सिनेमाला ते तसेच ठेवले तर संवाद कानावर आदळतात आणि बारीक आवाज मरतात. खेळाआधी मागच्या रांगेत उभं राहून पाच मिनिटं ऐकलं असतं तर कळलं असतं. भरलेलं सभागृह आवाज शोषतं, म्हणून रिकाम्या सभागृहात जेवढा बरा वाटतो त्याहून थोडा वर ठेवायचा.

दुसरा दिवस सगळ्यात जमलेला. सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांचा 'मूलादे' (2004) आणि त्याच्या पाठोपाठ जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (1982). 'मूलादे'त मुलींची सुंता करणाऱ्या गावात चार मुली पळून कोले नावाच्या बाईकडे येतात. ती दारात एक रंगीत दोरी बांधते. गुडघ्याएवढी दोरी, पण ती ओलांडायची हिंमत कुणाची होत नाही. मग पुरुष काय करतात? बायकांचे रेडिओ गोळा करून पेटवतात. लगेच पुढचा सिनेमा स्मिता पाटील यांच्या सुलभाचा, जी सुधारगृहाच्या नोकरीसाठी घराबाहेर पडते आणि परतते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. एका दारातली दोरी आत आलेल्यांना राखते, दुसऱ्या दाराचा उंबरठा बाहेर गेलेलीला विसरतो. हे दोन सिनेमे शेजारी ठेवायची कल्पना ज्याची, त्याला मुजरा.

स्वित्झर्लंडचा 'द डिव्हाइन ऑर्डर' (2017) लोकांनी खदखदून हसत पाहिला. बायकांना मताचा हक्क देण्यावर तिथे 1959 साली मतदान झालं, मतदार सगळे पुरुष, आणि त्यांनी तो नाकारला. मिळाला तो 1971 ला. एका कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात, तर स्थानिक मतासाठी 1990 उजाडावं लागलं, तेही कोर्टाच्या निकालानं. आपल्या आज्या 1951-52 लाच मत देऊन आलेल्या, त्यामुळे हशा जरा जास्तच पिकला.

आता दुखणं. 'गेट' (2014), म्हणजे ज्यूंचं घटस्फोटाचं पत्र, हा इस्रायलचा सिनेमा 115 मिनिटं जवळजवळ एका कोर्टाच्या खोलीतच घडतो. तिथे ज्यू जोडप्याचा घटस्फोट धर्मपीठाच्या कोर्टात होतो आणि नवऱ्यानं राजीखुशीनं दिल्याशिवाय बायकोला सुटका नाही. पाच वर्षं तारखा पडतात. सगळा खेळ बोलण्याचा, त्यामुळे खालची ओळ, म्हणजे सबटायटल, चुकली की सिनेमाच चुकला. आणि सगळ्या परदेशी सिनेमांच्या ओळी इंग्रजीत. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसएक अक्षरं, आणि भांडण जुंपलं की ती जोडी दोन-तीन सेकंदांत जाते. बचत गटांच्या बायका मोठ्या संख्येनं आणल्या होत्या. चहाच्या सुटीनंतर त्यांच्या दोन रांगा रिकाम्या. तारखांवर तारखा हा विषय त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, फक्त तो मराठीत वाचायला हवा होता.

मराठी ओळी करणं अवघड नाही, पण कुठे फसतं ते माहीत पाहिजे. दोन तासांच्या बोलक्या सिनेमाला हजाराहून जास्तच ओळी धरा. सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी आधी. एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी फाइल) यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरी टिकवणाऱ्या संकेतनात, जतन करायची, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. लॅपटॉपवर नीट दिसलेली देवनागरी थिएटरच्या सर्व्हरवर फुटू शकते: जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. म्हणून डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, बनवताना मजकुराऐवजी प्रत्येक ओळीचं पीएनजी चित्र घालायचं, मग फुटायला काही उरत नाही. एवढं करायचं नसेल तर मूळ सिनेमाला हात न लावता पडद्याखाली दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरची पट्टी. तिथे ओळी बदलायला सिनेमा आधी दोनदा पाहिलेला माणूसच बसवावा. नवखा बसला की उत्तर आधी आणि प्रश्न मागून येतो. रुंद पट्टीचा सिनेमा असेल तर आणखी सोपं: चित्र वर सरकवायचं, वरची-खालची काळी जागा सगळी खाली येते, मराठी तिथे.

ओळी कुठल्याही भाषेत असोत, त्या दिसल्या पाहिजेत. सभागृहाचा तळमजला सपाट आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वाचार फुटांवर येतं आणि पडद्याची खालची कड होती जेमतेम साडेतीन. म्हणजे पाचव्या रांगेपासून मागे सगळे माना तिरक्या करून. कड निदान पाच फुटांवर हवी. एक सिनेमा पहिली दहा मिनिटं आडवा ताणलेला चालला, कुणीतरी ओरडल्यावर सरळ झाला.

वेळापत्रकाचं तर नवलच. घर सांभाळणाऱ्या बाईला मोकळीक मिळाली तर बारा ते चार. त्या वेळेत परिसंवाद होता. वीस मिनिटांचा ठरलेला, पाऊण तास चालला, आणि कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता, हे त्यात एकाही वक्त्याला आठवलं नाही. 'वज्दा' (2012) मात्र रात्री साडेआठला. सौदी अरेबियात पूर्ण चित्रित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांना रियाधच्या रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांत मिसळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना दिल्या. सायकल हवी म्हणून हट्टाला पेटलेल्या दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट, आणि पासाला अट 18 वर्षांची! सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले सिनेमे महोत्सवात फक्त नोंदणी केलेल्यांना दाखवता येतात, हे मान्य. पण शाळकरी मुलींसाठी प्रमाणपत्र असलेला एखादा सिनेमा सकाळी वेगळा ठेवायला कुणाची हरकत होती? खेळ सव्वादहाला सुटला तेव्हा इचलकरंजी, गारगोटीकडच्या बायका कधीच निघून गेल्या होत्या.

चहा बरा, वडा गार. बायकांसाठी संडास दोन. एकीला अडीच मिनिटं धरली तरी पंधरा मिनिटांच्या सुटीत बाराजणी होतात. बाकीच्यांचा पुढच्या सिनेमाचा पहिला प्रसंग रांगेत. पुरुषांचा एक विभाग तीन दिवसांपुरता बायकांना दिला असता तर पाटी बदलण्यापलीकडे काही खर्च नव्हता. पाळणाघर नाही.

पुढच्या खेपेला जाणार असाल तर बाल्कनीची पहिली रांग धरा. तिथून डोकी आड येत नाहीत आणि पंखेही लांब. ती रांग वीस मिनिटं आधी भरते. बोलका सिनेमा असेल तर गोष्टीचा सारांश मराठीत आधी वाचून जा, आणि शेवटच्या खेळाला परतीची गाडी ठरवूनच बसा.