दुबईच्या बोरन्हाणासाठी नाशिकचे हलव्याचे दागिने

नातवाची पहिली संक्रांत यंदा दुबईत झाली. लेकीला बोरन्हाण करायचंच होतं, आणि दागिने नाशिकहूनच जायचे हे मी आधीच ठरवलेलं. रविवार कारंजाजवळ एक काकू घरीच हलवा करतात, त्यांच्याकडे मार्गशीर्षातच ऑर्डर दिली. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या आणि बासरी.

काकूंनी बाळाचं माप घ्यायच्या आधी विचारलं, "कुठल्या देशात जाणार?" दुबई म्हटल्यावर खसखशीच्या हलव्याची बरणी त्यांनी बाजूला सारली. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, आणि बारीक हलव्याच्या पोटात पुष्कळदा खसखसच असते. आपल्या रोजच्या वाटणातली वस्तू, कोणाच्या ध्यानात येणार? सगळा सेट त्यांनी तीळ आणि साबुदाण्याच्या हलव्याचा करून दिला. या एका प्रश्नासाठी माझ्याकडून त्यांना पैकीच्या पैकी गुण.

हलवाही अस्सल. मंद शेगडीवर परात, थेंब थेंब पाक आणि सतत फिरता हात. थंडी पडली की काटा छान येतो, म्हणून निफाडचा पारा उतरला की त्या मोठं काम काढतात. आमच्या हारातल्या दाण्यादाण्याला टोकदार काटा होता. तरी बाळाच्या मानेला काही टोचलं नाही, कारण मागून मऊ कापड लावलेलं आणि दोऱ्याच्या गाठी आत दडवलेल्या.

सेटचे १,२०० रुपये पडले. हातकामाच्या मानाने मला ते रास्त वाटले.

पॅकिंग मात्र सुधारायला हवं. ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या होत्या, त्यामुळे हलवा चिकटला नाही. पण मुकुटाचा पुठ्ठा पातळ होता. जावयांच्या मित्राने जपून हातातल्या बॅगेतून नेला, तरी एक बाजू दबलीच.

बोरन्हाण रथसप्तमीला, २५ जानेवारीला केलं. रविवार होता, त्यामुळे बिल्डिंगमधली सगळी मराठी मुलं आली. काळ्या झबल्यावर ते पांढरेशुभ्र दागिने इतके उठून दिसले, की व्हिडिओ कॉलवर मला बोलताच येईना. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले तशी मुलं वेचायला धावली, आणि आमचे बाळराजे बासरी चाटत बसले.

परदेशी पाठवणार असाल तर देशाचं नाव आधी सांगा आणि मुकुटासाठी कडक डबा मागून घ्या. संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा त्या नवं काम घेत नाहीत.