मोडी वाचून देणारे काका : कागद जरूर वाचून घ्या, फ्रेम तपासून घ्या

वडील गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आईची दोन लुगडी, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि तळाशी फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले अकरा कागद. दादाला तेवढ्यावरच स्फुरण चढलं. निफाडकडे त्याचा नवा बंगला झालाय आणि हॉलच्या भिंतीवर ‘आमची पाटीलकी’ असं काहीतरी लावायचं होतं. वाचून आणायचं काम माझ्या गळ्यात. का, तर मी नाशकात राहते आणि औषधाचं दुकान चालवते. डॉक्टरांचं अक्षर लागतं म्हणजे मोडीही लागेल, असा त्याचा हिशेब.

नाही लागत. मोडीत शब्द तोडत नाहीत, बोरू न उचलता ओळ ओढत नेतात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. मला अकरा पानांत एक ‘श्री’ ओळखता आला.

ओळखीतून जुन्या नाशकातल्या एका काकांचा पत्ता मिळाला. सराफ बाजारातून दहीपुलाकडे जाताना एका वाड्याच्या माडीवर बसतात. पुढे तक्रारही लिहिणार आहे, म्हणून नाव टाकत नाही. ज्याला खरंच गरज आहे तो विचारत विचारत पोचेल. फक्त बुधवारी जाऊ नका. गंगेवर (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, मी पहिल्याच दिवशी अर्धा तास फिरले.

दर असे: नुसतं देवनागरीत उतरवून देणं पानाला 300 रुपये, अर्थासकट 500, आणि ‘घराण्याची फ्रेम’ म्हणजे निवडक मजकूर सुंदर अक्षरात लिहून काचेत बसवलेला, 2,500. मी अर्थासकट अकराही पानं दिली आणि दादासाठी फ्रेम सांगितली. मुदत तीन आठवडे. लागले सात. मधे पितृपक्ष आला, मग नवरात्र आलं, मग काकांचा चष्मा फुटला.

पण काम! जिथे कसरीने कागद खाल्लाय तिथे अंदाजाने शब्द न भरता सरळ ‘गहाळ’ लिहून ठेवलंय. आमच्या धंद्यात याची किंमत कळते. सगळ्यात मोठा कागद निघाला तो महजर, म्हणजे गोतसभेचा, गावकऱ्यांच्या न्यायसभेचा, निवाडा. दोघा भावांत पाटीलकीची निम्मी वाटणी. तारखेच्या जागी ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’. मला वाटलं काही मंत्र आहे. काकांनी बोटावर मोजून दाखवलं: इसन्ने दोन, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन (त्या वेळच्या दप्तरातली कालगणना) 1152, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे इसवी सन 1751-52. हे साल मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून मृगसालही म्हणायचे. दादाचं वर्ष द्राक्षछाटणीला सुरू होतं, त्यातलंच.

शेवटी सह्या नाहीत, चित्रं आहेत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, महाराचा दोर. ज्याला लिहिता येत नाही त्याने आपल्या अवजाराची निशाणी करायची. तो कागद मी दुकानातून घरी येऊन पुन्हा दोनदा बघितला.

दादा एकदा सोबत आला होता. ऐकून म्हणाला, “म्हणजे काका, आपली सरंजामशाहीच की!” काका हसले आणि त्यांनी चहा सांगितला. पुढचा तासभर जे सांगितलं त्याचे पैसे लावले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

सरंजाम वेगळा, वतन वेगळं. सरंजाम म्हणजे घोडेस्वार बाळगण्यासाठी सरदाराला तोडून दिलेला महसूल. आपल्या शेजारचे विंचूरकर घ्या, किंवा चांदवडचा रंगमहाल ज्यांचा ते होळकर. सरदार वारला की मुलाने हुजुरातून, म्हणजे सरकारातून, सनद नवी करून आणायची, नजराणा भरायचा. मुलाला मिळायचा बहुतेक, पण हक्क म्हणून नाही. पाटीलकी हे वतन, म्हणजे गावच्या कामाचा पिढीजात हक्क. तिचं तसं नव्हतं. ती बापाकडून मुलाकडे जायची, भावांत वाटली जायची, गहाण पडायची, विकलीही जायची. निजामशाही गेली, मोगल आले, पेशवे आले, पाटील तिथेच. शिवाजी महाराजांनी या वतनदारांचे वाडे-बुरूज पाडून त्यांना आवरलं, पण राजाराम महाराजांच्या काळात मोगलांच्या रेट्यापुढे माणसं टिकवायला पुन्हा वतनं द्यावी लागली.

आणि युरोपातली ‘सरंजामशाही’ म्हणतात ती? 1066 मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि आपल्या माणसांना जमिनी वाटल्या, बदल्यात शिलेदार पुरवायचे. जमीन घेणारा धन्यापुढे गुडघे टेकायचा आणि जोडलेले हात त्याच्या हातात द्यायचा. 1086 मध्ये त्याने कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती माणसं याची मोजणी करून वहीच बनवली. खाली शेतात राबणारा जो होता त्याने धन्याच्या शेतावर आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबायचं, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, पुष्कळ ठिकाणी दळणसुद्धा धन्याच्याच गिरणीत. गंमत म्हणजे त्या लोकांना आपल्या व्यवस्थेचं असं एकच नाव माहीत नव्हतं. ‘फ्यूडलिझम’ हे नाव शेकडो वर्षांनी वकील आणि अभ्यासकांनी दिलं. आपण त्याला मराठी शब्द शोधताना आपलाच सरंजाम उचलून तिकडे चिकटवला. दादाचा चहा गार झाला.

आता तक्रार.

फ्रेम आली. जाड कागद, काळी शाई, वर गणपती. पाटलाचे हक्क आणि मानपान एकाखाली एक: पोळ्याला पाटलाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी पाटलाची, तेल्याकडून तेल, चांभाराकडून सालाला जोडा. मी सवयीने चिठ्ठी जुळवावी तशी ती काकांच्याच लिप्यंतराशी जुळवली. एक ओळ नव्हती. ‘महाराकडून सणास लाकडाची मोळी, व पडेल ती वेठ.’ शिवाय खालच्या निशाण्यांत नांगर होता, वाकस होता, दोर नव्हता.

काकांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. “ताई, फ्रेम दिवाणखान्यात लागते. लोकांना हे आवडत नाही, मीच काढून टाकतो.”

म्हटलं, काका, तुमच्या माडीवरून गंगा ओलांडली की काळाराम मंदिर. तिथे 1930 मध्ये सत्याग्रह झाला. त्याच्या दोन वर्षं आधी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक मांडलं होतं, ते या मोळीवर आणि वेठीवरच ना? हे तुम्हीच मला मागच्या खेपेला सांगितलंत. ज्याच्या साक्षीवर आमच्या पूर्वजाला निम्मी पाटीलकी मिळाली, त्याची निशाणी खोडून मी ती भिंतीवर लावू कशी?

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, नवीन लिहून देतो.

दादा चिडला, हे सांगायला हवं. “पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, आता कशाला उकरतेस?” मी म्हटलं, मग फ्रेम तरी कशाला लावतोस? दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीने विचारलं, फ्रेमची लांबी-रुंदी किती, खिळा ठोकायचाय.

तर लिप्यंतराला माझ्याकडून पाचपैकी पाच. वेळेला दोन. फ्रेमला आधी एक, दुरुस्तीनंतर चार. जाताना मूळ कागद नेऊ नका, काकांकडे पाणी आणि चहा त्याच टेबलावर असतो. आधी स्वच्छ फोटो काढून न्या आणि अस्सल तेवढे एक दिवस समोर बसून दाखवा. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नका, हे काका स्वतः ओरडून सांगतात. फ्रेम हवीच असेल तर आधी लेखी सांगा: मजकूर गाळायचा नाही.

दुसऱ्यांदा लिहिण्याचे काकांनी काही घेतले नाहीत. काचवाल्याने नवीन काचेचे 150 घेतले, ते मी दादाकडून वसूल केले.