घरच्या तरणतलावासाठी टेलर के-२००६ : थेंब मोजून पाणी तपासण्याचा संच

घरी नवा तरणतलाव बांधून झाला की त्याच्याबरोबर पंप, वाळूचा फिल्टर, ब्रश, जाळी आणि क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा एवढे सामान येते, आणि पाणी तपासण्यासाठी बहुधा कागदी पट्ट्यांची एक डबी हातात दिली जाते. माझ्या मते या सगळ्या सामानात सर्वांत आधी बदलावी अशी वस्तू ती डबीच आहे. तिच्याऐवजी मी टेलर कंपनीचा के-२००६ हा संच वापरतो, आणि पाण्यात निर्धास्त उतरता यावे यासाठी याच्याइतका सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही, असे मला ठामपणे वाटते.

या संचात मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळे असलेले) आणि संयुक्त क्लोरीन (घाणीशी जोडले गेलेले), पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, क्षारता म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता, कॅल्शियममुळे येणारा जडपणा आणि सायन्युरिक आम्ल म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारा स्टॅबिलायझर, एवढ्या सगळ्यांची तपासणी होते. त्यातली सर्वांत मोलाची चाचणी क्लोरीनची. नळीत १० मिलिलीटर पाणी घेऊन त्यात डीपीडी ही क्लोरीनशी संयोग होऊन रंग देणारी पावडर टाकली की पाणी गुलाबी होते. मग दुसऱ्या बाटलीतले द्रावण एकेक थेंब घालत आणि नळी हलवत राहायचे, आणि गुलाबी छटा पूर्ण नाहीशी होईपर्यंत पडलेले थेंब मोजायचे. प्रत्येक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग क्लोरीन. नमुना २५ मिलिलीटरचा घेतला तर प्रत्येक थेंब ०.२ पीपीएम दाखवतो. आर्थर पॅलिन यांनी १९५७ मध्ये मांडलेली डीपीडी पद्धत अनेक स्वस्त संचांतही असते, पण तिथे गुलाबी छटा छापील रंगांशी जुळवावी लागते, आणि क्लोरीन फार वाढलेले असेल तर रंगच उडून जातो व पाण्यात क्लोरीन नाहीच असे भासते. थेंब मोजण्याच्या पद्धतीत ही फसगत टळते, कारण रंग क्षणभर येऊन गेला तर पावडर आणखी घालून तपासणी पुढे नेता येते. गुलाबी की बिनरंगी, एवढेच डोळ्यांना ठरवायचे असते.

पीएच मात्र याही संचात रंग जुळवूनच पाहावा लागतो. तरीही इथे एक सोय मला फार आवडली: पीएच जास्त निघाला तर त्याच नळीत आम्लाचे थेंब घालून हवी ती छटा येईपर्यंत मोजायचे आणि सोबतच्या पुस्तिकेतल्या तक्त्यावरून आपल्या तलावाच्या आकारमानाला किती आम्ल लागेल ते काढायचे. अंदाजाने आम्ल ओतण्याची वेळ येत नाही. याचे महत्त्व लक्षात यायला थोडे रसायनशास्त्र हवे. जंतू मारण्याचे बहुतेक काम क्लोरीन पाण्यात विरघळल्यावर तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल करते. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश या रूपात असते, ७.५ च्या आसपास निम्मे, आणि पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव.

सिमेंटचा गिलावा असलेल्या नव्या तलावाच्या मालकांना तर हा संच पहिल्या महिन्यातच हवा. गिलावा पाण्याखाली घट्ट होत असताना त्यातून चुना सुटत राहतो, त्यामुळे पीएच पुन्हापुन्हा वर चढतो आणि भिंतींवर बारीक पांढरी भुकटी बसते. या काळात रोज पीएच तपासणे, तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवणे आणि भिंती व तळ दिवसातून दोनदा ब्रशने घासणे ही कामे चुकवली, तर ती भुकटी खरखरीत थर होऊन कायमची बसू शकते. क्षारता ८० ते १२० आणि कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४०० पीपीएम ठेवावा. पाण्यात कॅल्शियम फार कमी असेल, तर ते नव्या गिलाव्यातूनच कॅल्शियम ओढून घेते. या दोन्ही चाचण्या इथे थेंबांनीच होतात: क्षारतेत हिरवा रंग लाल होतो, जडपणात लाल रंग निळा होतो, आणि दोन्हींत २५ मिलिलीटरच्या नमुन्याला प्रत्येक थेंब १० पीपीएम दाखवतो.

तलाव वापरात आला की संयुक्त क्लोरीनची चाचणी जास्त उपयोगी पडते. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला की क्लोरीन जास्त झाले असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात तो वास बहुधा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइन्सचा असतो, आणि त्यावर उपाय म्हणून अनेकदा क्लोरीन वाढवावेच लागते. पाहुणे आणि मुले दिवसभर पाण्यात खेळून गेल्यानंतर ही चाचणी अवश्य करावी. मुक्त क्लोरीनची चाचणी संपली की त्याच नळीत संयुक्त क्लोरीनसाठीच्या द्रावणाचे पाच थेंब घालायचे. पाणी पुन्हा गुलाबी झाले नाही, तर संयुक्त क्लोरीन नाही असे समजावे; मात्र मुक्त क्लोरीन आणि पीएचही ठीक असल्याशिवाय कोणाला पाण्यात उतरू देऊ नये.

मला सर्वांत समाधान देते ती रात्रीची तपासणी. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचे आणि पहाटे ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोजायचे. रात्री क्लोरीन उडवणारे ऊन नसते, म्हणून १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली असेल तर पाण्यातले सेंद्रिय काहीतरी, बहुधा नुकतेच वाढू लागलेले शेवाळ, क्लोरीन खात आहे असे समजावे. पाणी हिरवे दिसण्याआधीच हे कळते. एवढा बारीक फरक कागदी पट्टीवर वाचता येत नाही.

स्टॅबिलायझरची चाचणी ही या संचाची कच्ची बाजू आहे. ढगाळलेले मिश्रण नळीत ओतत जायचे आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा, हे काम उजेडावर आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. शिवाय त्यासाठीचे द्रावण जेमतेम तीन चाचण्यांपुरतेच येते. गोळ्यांवर चालणाऱ्या तलावाला ते अपुरे आहे. ट्रायक्लोर या स्टॅबिलायझरयुक्त क्लोरीनच्या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळाले की सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही वाढते, ते सहजासहजी नाहीसे होत नाही, आणि ३० ते ५० पीपीएमच्या फार पुढे गेले की तलावातले काही पाणी काढून नवे भरण्यावाचून सहसा इलाज नसतो. या द्रावणाची मोठी बाटली संचाबरोबरच मागवावी. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांना क्षारतेची चाचणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागेल, आणि मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या यंत्रणेसाठी मिठाची चाचणी वेगळी घ्यावी लागेल.

नमुना कोपरभर खोलीवरून, पाणी आत येणाऱ्या झोतापासून दूर घ्यावा, आणि थेंब पाडताना बाटली सरळ उभी धरावी. तिरकी धरली तर थेंबांचा आकार बदलतो. संच घरात, सावलीत आणि तलावाच्या रसायनांपासून दूर ठेवावा. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचेच दुसरे रसायन) एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यांचे माप आणि डबेही वेगळे असावेत, कारण त्यांच्या संयोगाने आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. द्रावणे साधारण वर्षाने बदलावीत. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र क्रमांक असल्याने संपलेली तेवढीच मागवता येते. दर काही दिवसांनी रिकामा करायच्या फुगवत्या तलावासाठी एवढ्या संचाची गरज नाही, पण बांधीव किंवा फायबरग्लासचा कायमचा तलाव असेल तर हा संच पाणी भरण्यापूर्वीच घरात आणून ठेवावा.